३४९ गुणिले ८

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि बाजारपेठेतील कित्येक दुकानांचे तळमजले बुडाले. माझे संगणक दुरुस्तीचे आणि बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देण्याचे दुकान मिरजेत असल्यामुळे मला स्वतःला त्या पुराची झळ बसली नाही. मात्र पाणी ओसरल्यावर पुढचे दीड-दोन महिने दुकानात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक यंत्राला नदीच्या गाळाचा वास होता. त्याच दिवसांत, सप्टेंबरच्या एका संध्याकाळी, सांगलीतील एक वयस्क छायाचित्रकार आपल्या भाच्याला घेऊन आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही येथे तेच म्हणतो. त्यांच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली ३ टीबीची हार्ड डिस्क होती.

ती डिस्क पाण्यात गेलेली नव्हती, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितले. पाणी दुकानाच्या पायरीला लागले तेव्हा सामान माडीवर नेताना ती केसिंगसकट, म्हणजे बाहेरच्या डबीसकट, जिन्यावर आपटली आणि केबल लावायचे सॉकेट तुटले. भाच्याने केसिंग उघडून आतली डिस्क काढली, घरच्या संगणकात थेट साटा केबलने जोडली आणि रिकामे केसिंग त्यातल्या छोट्या सर्किट बोर्डासह चिखलात गेलेल्या इतर सामानाबरोबर टाकून दिले. विंडोजने डिस्क ओळखली, पण फोल्डर काही दिसेनात. उलट ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असे विचारणारी चौकट पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली. अण्णांनी भाच्याचा हात धरला, आणि पुढचे सारे काही त्यामुळेच शक्य झाले.

माझ्याकडे येण्याआधी ते एका मोठ्या शहरातील दुकानात जाऊन आले होते. तेथे पाच मिनिटांत ‘हेड गेले आहे’, म्हणजे डिस्कवरची माहिती वाचणारा भाग बिघडला आहे, असे सांगून ४५,००० रुपयांचा अंदाज देण्यात आला. मी डिस्क जोडून कानाशी धरली तेव्हा ती शांतपणे, एकसारखी फिरत होती. तिच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या प्रकृतीच्या नोंदीत, खराब म्हणून बदललेले सेक्टर (माहिती लिहायचे ठरावीक आकाराचे छोटे कप्पे) शून्य होते आणि वाचायचे राहिलेले सेक्टरही शून्य होते. हेड गेलेली डिस्क टकटक करते, मधूनच थांबते किंवा संगणक सुरू होताना बायोसमध्ये आपले नावच सांगत नाही. इतकी साधी तपासणीही न करता पुराने खचलेल्या माणसाला असा आकडा सांगणे मला अतिशय चुकीचे वाटते, आणि ते मी अण्णांनाही स्पष्टपणे सांगितले.

भाच्याने घरी फायली शोधणारे एक सॉफ्टवेअरही चालवून पाहिले होते. त्यात हजारो फोटो सापडले, पण एकालाही मूळ नाव नव्हते. नुसते क्रमांक होते आणि फोल्डर तर नव्हतेच. अशी सॉफ्टवेअर फाइलच्या सुरुवातीची खूण पाहून ती उचलतात, त्यामुळे तिचे नाव, तारीख आणि ती कोणत्या फोल्डरमध्ये होती हे सारे मागे राहते. लांबलचक व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत साठवलेले असतील तर ते बहुधा चालतही नाहीत. अण्णा म्हणाले, “दादा, नुसतं फोटो मिळून काय करू? कुणाचं लगीन हाय ते कळाय नको?” त्यांनी प्रत्येक लग्नाचा फोल्डर गाव, आडनाव आणि तारीख अशा नावाने ठेवला होता. पुरात ज्यांचे छापील अल्बम भिजून पानाला पान चिकटले होते, ती माणसे आता त्यांच्याकडे प्रती मागायला येत होती.

पार्टिशन, म्हणजे फायली ठेवायला डिस्कवर आखलेला भाग, दिसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या डिस्कमध्ये बिघाड तीनपैकी एका पायरीवर असतो. एकतर डिस्कच यंत्राला दिसत नाही, किंवा कोणते पार्टिशन कोठे सुरू होते हे सांगणारा तिच्यावरील तक्ता वाचता येत नाही, किंवा तक्ता ठीक असून पार्टिशनमधील फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींची नावे व जागा नोंदवणारी व्यवस्था, ओळखता येत नाही. येथे पहिली पायरी ठीक होती. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकूण क्षमता २७९४.५२ जीबी अशी बरोबर दिसत होती, पण तिचे तीन तुकडे पडले होते. पहिला ३४९.३१ जीबीचा, ज्यावर ‘रॉ’ असे लिहिलेले होते, म्हणजे फाइल सिस्टिम न ओळखलेला, दुसरा १६९८.६९ जीबीचा आणि तिसरा ७४६.५२ जीबीचा, आणि हे दोन्ही कोणत्याच पार्टिशनला न दिलेले, म्हणजे रिकामे.

तो पहिला तुकडा पाहून मला वाटले की कोणीतरी अजाणतेपणी ३५० जीबीचे नवे पार्टिशन तयार केले असावे आणि मूळ तक्ता त्याखाली पुसला गेला असावा. मी भाच्याला दोन-तीनदा विचारले. त्या मुलाने शपथेवर सांगितले की त्याने कशालाच होकार दिलेला नाही, आणि तरीही माझा संशय फिटला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. मी डिस्क माझ्याकडच्या यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीने जोडायच्या खोबणीत, लावून पाहिली. तेथेही तेच तीन तुकडे, तेच आकडे. तेव्हा दोष डिस्कवरील तक्त्यातच आहे अशी माझी खात्री झाली.

संशय काहीही असला तरी मूळ डिस्कवर काही लिहायचे नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. मी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा डिस्कची प्रत घेणारा प्रोग्रॅम चालवून संपूर्ण डिस्कची प्रत एका ४ टीबीच्या डिस्कवर इमेज फाइल म्हणून घ्यायला लावली आणि अण्णांना घरी पाठवले. त्याला सहा तास लागले. एकही सेक्टर वाचायचा राहिला नाही.

मध्यरात्रीनंतर मी ती इमेज हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधील एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. काही केसिंगमधील बोर्ड डिस्कवरची सगळी माहिती सांकेतिक करून लिहितात आणि तो बोर्ड हरवला की उरतो तो केवळ अर्थहीन बाइटांचा ढीग. तसे झाले असते तर तेथेच हात टेकावे लागले असते. पण पहिलाच सेक्टर स्वच्छ वाचता येत होता. शेवटी ५५ एए ही ठरलेली खूण होती आणि ४४६ व्या बाइटपासून सुरू होणाऱ्या पार्टिशनच्या तक्त्यात एकच नोंद होती: प्रकार ०७, म्हणजे विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम, आणि सुरुवातीचा सेक्टर ०० ०१ ०० ००. हे बाइट षोडशमान (१६ च्या) पद्धतीत लिहिलेले असतात आणि उलट क्रमाने वाचायचे असतात. म्हणजे पार्टिशनची सुरुवात २५६ व्या सेक्टरवर. मी २५६ व्या सेक्टरवर गेलो. तेथे सगळी शून्ये होती.

मग ‘एनटीएफएस’ ही चार अक्षरे शोधायला लावली. ती सापडली २०४८ व्या सेक्टरवर, ईबी ५२ ९० या तीन बाइटांच्या लगेच मागे, अगदी जशी असायला हवीत तशी. म्हणजे फाइल सिस्टिम जागेवर आणि धडधाकट होती. केवळ तक्ता तिचा पत्ता चुकीचा सांगत होता. हा पत्ता दुरुस्त करावा म्हणून मी वहीत आकडे मांडू लागलो आणि त्याच सेक्टरचा, म्हणजे पार्टिशनच्या पहिल्या, बूट सेक्टरचा, ११ वा व १२ वा बाइट पाहून थांबलो. एका सेक्टरमध्ये किती बाइट आहेत हे तेथे लिहिलेले असते. आयुष्यभर मी त्या जागी ०० ०२ पाहत आलो होतो, म्हणजे ५१२. येथे ०० १० होते. म्हणजे ४०९६.

४०९६ म्हणजे ५१२ च्या आठपट. २०४८ म्हणजे २५६ च्या आठपट. मी कॅल्क्युलेटरवर ३४९.३१ ला ८ ने गुणले आणि २७९४.४८ हे उत्तर आले, म्हणजे जवळजवळ सगळी डिस्क. तक्ता चुकलेला नव्हता आणि भाच्याने खरोखरच काही केलेले नव्हते. तक्त्यातील प्रत्येक आकडा बरोबर होता. मोजायची पट्टी मात्र बदलली होती.

असे का झाले, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे ५१२ बाइटांचे सेक्टर असतील तर २ टीबीच्या, नेमके सांगायचे तर विंडोज दाखवते त्या २०४८ जीबीच्या, पलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही. माझ्यासमोरच्या दोन रिकाम्या तुकड्यांमधली रेघ नेमकी तेथेच होती. जीपीटी नावाचा नवा तक्ता ही अडचण दूर करतो, पण ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीला तो वाचता येत नाही. अण्णांनी ही डिस्क घेतली तेव्हा, २०१३ साली, त्यांच्यासारख्या अनेक छोट्या स्टुडिओंमध्ये एक्सपीच चालत असे. एक्सपीवाल्यांनाही ३ टीबी पूर्ण वापरता यावी म्हणून काही केसिंगच्या बोर्डात अशी सोय केलेली असे की तो डिस्कचे आठ-आठ सेक्टर एकत्र जोडून संगणकाला ४०९६ बाइटांचा एक सेक्टर असल्याचे सांगे. मग जुन्या तक्त्यातही १६ टीबीपर्यंतचे पत्ते मावत. सोय चोख होती. पण ही डिस्क केसिंगबाहेर काढून थेट जोडली तर पार्टिशन दिसणार नाही, एवढे एक वाक्य खोक्यावर छापलेले असते, तर कित्येक लोकांनी घाबरून फॉरमॅटचे बटण दाबले नसते. माझ्या डॉकमधील बोर्ड ५१२ बाइटांप्रमाणेच मोजत होता, म्हणून त्यानेही मला तेच चुकीचे चित्र दाखवले होते.

कारण कळल्यावर तक्त्याला हात लावायची गरजच उरली नाही. तो ५१२ च्या पट्टीत बसवायचा म्हटले तरी एवढे मोठे पार्टिशन त्या ३२ बिटांत मावले नसते, आणि बूट सेक्टरमधील ४०९६ चा आकडा तसाच राहिला असता. लिनक्समध्ये इमेज फाइलला लूप डिव्हाइस बनवता येते, म्हणजे ती फाइल जणू जोडलेली डिस्क आहे असे यंत्राला भासवता येते, आणि तिचा सेक्टर किती बाइटांचा मानायचा हेही सांगता येते. मी फक्त वाचण्याच्या परवानगीने, सेक्टरचा आकार ४०९६ देऊन ती जोडली. काम एका ओळीच्या आज्ञेचे होते. पार्टिशन लगेच उमटले, पूर्ण आकाराचे. ते माउंट केले, म्हणजे वाचायला उघडले, आणि फोल्डरांची यादी खाली सरकू लागली: कवठेमहांकाळ, कुपवाड, तासगाव, पलूस, पुढे आडनाव आणि पुढे तारीख. पहाटेचे पावणेचार झाले होते. अण्णांना तेव्हाच फोन करावा असे फार वाटले, पण त्या दिवसांत अवेळी वाजलेल्या फोनने सांगलीतली माणसे दचकत होती, म्हणून साडेसहापर्यंत थांबलो.

ते आले तेव्हा सगळा साठा एका नव्या ४ टीबीच्या डिस्कवर उतरत होता. ही डिस्क मी जीपीटी तक्ता घालून थेट साटा केबलवर तयार केली होती, म्हणजे पुढे ती आजकालच्या कोणत्याही संगणकात थेट लावली तरी हा प्रश्न येणार नाही. मी आधी भाच्याकडे वळून त्याची माफी मागितली. तो नुसता हसला. अण्णांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, आणि मी उघडून दाखवलेल्या फोटोंकडे फारसे न पाहता शबनममधून एक चौपदरी घडी घातलेला कागद काढला. प्रती मागायला आलेल्या घरांची ती यादी होती, १४ नावांची. त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवले आणि सगळी नक्कल पूर्ण होईपर्यंत न थांबता एवढा एक फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घालून द्यायला सांगितले, कारण त्या घरच्या आजी वारल्या होत्या आणि दशक्रियेला लावायला त्यांचा एकही फोटो घरात उरला नव्हता.