आमची वाटचाल : धोट्यातून पेन

आमच्या घरी यंत्रमाग होते. अण्णा चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढायचे. एकेक चौकोन पेन्सिलीने भरायचा, मग त्यावरून जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डं पंच व्हायची. माग विकले, तेव्हा जुन्या लाकडी धोट्यांची दोन पोती मी ठेवून घेतली. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. त्यांच्या टोकाकडचं भरीव, टणक लाकूड लेथवर चढवून पेनं घडवू लागले.

लाकूड सुंदर होतंच, पण मला त्यात शिंपल्याची चमक हवी होती. तिथेच अडलं. शिंपल्याचा तुकडा सपाट, पेन गोल. १२ मिलिमीटर जाडीच्या पेनावर ५ मिलिमीटर रुंदीचा तुकडा बसवून गोलाईत घासला, की दोन्ही कडांचा अर्धा मिलिमीटर झिजून जातो. तुकडाच मुळात मिलिमीटरभर जाड. कडेला उरणार काय? २ मिलिमीटरवर आले, तेव्हा झीज जवळजवळ थांबली. ते बारके चौकोन ताटलीत मांडलेले पाहून अण्णा म्हणाले, "अगं, हे तर आपल्या ग्राफातलेच चौकोन की!" त्या दिवसापासून आमची नक्षी तेच काढतात.

पहिली मोठी ऑर्डर ४० पेनांची, एका निरोप समारंभासाठी. मे महिना होता, सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. आठवड्याभरात तुकडे निखळायला लागले. मी उन्हाला दोष देत बसले; खरं कारण धोट्यात वर्षानुवर्षं मुरलेलं तेल होतं. तेलकट लाकडाला गोंद धरत नाही. सगळी पेनं परत आणून, पदरचा खर्च करून नव्याने केली. आता खाच कोरली की आधी ॲसिटोनने पुसतो, मग इपॉक्सी गोंद भरतो आणि पूर्ण २४ तास हात लावत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही.

शिंपला कापताना, घासताना पाणी सोडायचं आणि तोंडाला मास्क लावायचा, हे कामावरच्या मुलींना मी रोज सांगते. ती पांढरी भुकटी फुफ्फुसांत जायला नको. शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरचा. तेव्हा कुठे हिरवी-गुलाबी झाक वर येते. ती पहिल्यांदा दिसते ना, तेव्हा आजही काम थांबवून मी पेन खिडकीशी नेते.

सध्या अण्णांनी सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, नक्षीला घेतलेत. सातपैकी चार काठ्या ग्राफावर उतरल्यात.