पट्टी तीन घरं खाली: एका क्रूनरचं रेकॉर्डिंग

ऐंशीला टेकलेल्या क्रूनरचा, म्हणजे माइकजवळ हळुवार गाणाऱ्या गायकाचा, अल्बम करायचा, तर आधी त्याची वही मागून घ्यावी. आमच्या अंकलची वही १९६० च्या दशकातली, चर्चगेटच्या हॉटेलांतल्या बँडस्टँडवरून घरी आलेली. सेलोटेपने जोडलेली पानं, प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा, आणि कोपऱ्यात तेव्हाची पट्टी लिहिलेली. मुख्य गाणं काळी पाचमध्ये होतं. आता पांढरी पाच, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून तीन घरं खाली. पियानोवाला जागेवरच उतरवून घेतो, त्याला काही वाटत नाही. अडतं ते टेनर सॅक्सोफोनवाल्याचं. टेनरचा सर्वांत खालचा स्वर लिहिताना बी-फ्लॅट. जुन्या पार्टमध्ये एक लांब, खालचा सी होता, तो तीन घरं उतरला की ए होतो, आणि तो स्वर वाद्यातच नाही. म्हणून साथीच्या त्या ओळी आदल्या रात्रीच एक सप्तक वर लिहून घेतल्या. असल्या गोष्टी स्टुडिओत गेल्यावर निघाल्या की पहिला तास त्यातच जातो, आणि म्हाताऱ्या गळ्याचा पहिला तास फार महागाचा.

उतरवायचं का, तर वयानुसार स्वरतंतू पातळ होतात आणि गाताना पूर्ण मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते, दम लवकर संपतो, वरचे स्वर आधी जातात. पट्टी उतरवली की वरच्या स्वरांचं भागतं, दमाचं नाही. दमासाठी लय वाढवावी लागते. मिनिटाला ५८ मात्रांच्या लयीत दोन बारची ओळ, म्हणजे आठ मात्रा, ८.३ सेकंद चालते. ६६ ला तीच ७.३ सेकंदांत संपते. हा एक सेकंद मिळाला की ओळ मधेच तुटत नाही. बॅलड संथ म्हणून सोपं, असं समजणाऱ्यांनी एकदा आठ मात्रांचा श्वास धरून बघावा.

सगळी गाणी अमेरिकन गीतकार-संगीतकार कोल पोर्टरची निवडली, त्यामागे हक्कांचा हिशेब होता. शब्द आणि चाल दोन्ही पोर्टरचेच, आणि तो १९६४ मध्ये गेला. आपल्याकडे मृत्यूनंतरची ६० वर्षं २०२४ अखेर संपली, त्यामुळे ही गाणी भारतात मोकळी झाली. गर्श्विन बंधूंचं तसं नाही. चाली देणारा जॉर्ज १९३७ मध्ये गेला, शब्द लिहिणारा आयरा १९८३ मध्ये, म्हणून चाल मोकळी असली तरी शब्द २०४३ अखेरपर्यंत बांधलेले. अर्थात अल्बम ऑनलाइन जगभर सोडायचा तर अमेरिकेतला परवाना लागतोच. तिथे ‘बिगिन द बेगीन’सारखं १९३५ चं गाणं २०३० अखेरपर्यंत बंद आहे. अल्बम काढणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांसमोर अमेरिकन गायक टोनी बेनेट होता. त्याचा लेडी गागाबरोबरचा पोर्टरच्या गाण्यांचा अल्बम २०२१ मध्ये आला, तेव्हा तो ९५ वर्षांचा होता. पण त्याचं रेकॉर्डिंग झालं होतं २०१८ ते २०२० मध्ये. या वयात दीड-दोन वर्षांत गळा कुठल्या कुठे जातो, तेव्हा वय मोजायचं ते रेकॉर्डिंगच्या दिवसाचं.

वेळ अकराची ठेवली होती. आधी मध्यम लयीचं, मधल्या स्वरांतलं गाणं. त्यावर गळा तापला की लगेच सर्वांत अवघड. बॅलड शेवटी, कारण थकव्याने आलेला थोडा धुरकटपणा बॅलडला चालून जातो. काचेमागच्या बूथमध्ये मोठा कंडेन्सर माइक, पुढे पॉप फिल्टर, अंकलना हेडफोन, बँड बाहेर. सगळं शिस्तीत. अंकल आत गेले, एक कडवं गायले, हेडफोन काढून ठेवले आणि दार उघडून म्हणाले, “हांव हांगा गांवचो ना.” म्हणजे कोकणीत, मी इथे गाणार नाही.

चिडून नव्हे, अगदी शांतपणे. इथे वाद घालण्यात अर्थ नसतो. १९९३ मध्ये ७७ वर्षांच्या फ्रँक सिनात्रा या अमेरिकन गायकाचा ‘ड्युएट्स’ अल्बम हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत झाला, तेव्हा त्यालाही बूथ मानवला नव्हता. निर्माता फिल रमोनने वादकांच्या मधोमध छोटं स्टेज घातलं, हातात वायरलेस माइक दिला, मग तो गायला. त्याच्याबरोबर गाणाऱ्यांचे आवाज नंतर, ठिकठिकाणच्या स्टुडिओंतून जोडले गेले. आयुष्यभर ऑर्केस्ट्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला काचेमागे कोंडलं की त्याचा गळा आवळतो.

तेव्हा मांडणी मोडली. अंकल पियानोच्या कडेच्या वळणात, बासवाला हाताच्या अंतरावर, ड्रम समोर तिरके. हातात साधा सुपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा, डायनॅमिक माइक. या जातीचा माइक बरोबर मागून नव्हे, तर समोरच्या दिशेपासून साधारण १२६ अंशांवर सर्वांत बहिरा असतो. ड्रम त्या कोनात बसवले. काठ्या बंद, ब्रश चालू. पियानोचं झाकण छोट्या टेकूवर, वर रजई. बासचा अँप बंद, थेट लाइन आणि एक माइक. तरीही गाण्याच्या माइकमध्ये ड्रम येणारच होते. प्रश्न एवढाच, की किती.

इथे अंकलनीच आमचं काम हलकं केलं. मृदू ओळीला माइक ओठांपासून पाच सेंटिमीटरवर, आवाज चढला की पंधरावर. या तिपटीने आवाज सुमारे साडेनऊ डेसिबलने पडतो, आणि माइकमध्ये शिरणारे ड्रम मात्र तेवढेच राहतात. नवखा गायक कुठेही माइक लांब नेतो, मग मागून ड्रम उसळतात. अंकलचा हात नेमका तेवढाच मागे जायचा जेवढा गळा वाढलेला असायचा, त्यामुळे प्रमाण ढळतच नव्हतं. हे मीटरवर बघण्यासारखं होतं. आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर लावला खरा, पण त्याचा काटा दोन-तीन डेसिबलच्या पुढे हलला नाही.

हेडफोन गेले ते एका अर्थी बरंच झालं. कानातल्या श्रवणयंत्रावर हेडफोन बसला की शिट्टी वाजते, आणि यंत्र काढलं की वरच्या कंप्रता ऐकू येत नाहीत. अंकलना ब्रशची सळसळ ऐकूच येत नव्हती. ते लय धरत होते बासच्या बोटावर, आणि सूर पियानोच्या मधल्या पट्ट्यांवर. म्हणून त्या दोघांच्या जवळ उभं राहणं हेच त्यांचं मॉनिटर, म्हणजे ऐकण्याचं साधन.

जुलै महिना, त्यात टेकच्या, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या, वेळी एसी बंद. हवेत दमटपणा वाढला की पियानोचा साउंडबोर्ड फुगतो आणि मधलं सप्तक चढतं. सकाळी ४४० हर्ट्झला लावलेला पियानो दुपारपर्यंत बासशी भांडायला लागला. दोन टेकच्या मधे एसी आणि डीह्युमिडिफायर चालू ठेवायचे, आणि ट्यूनरला घरी जाऊ द्यायचं नाही, यापलीकडे उपाय नाही.

अवघड गाणं म्हणजे ‘बिगिन द बेगीन’. नेहमीच्या ३२ बारच्या साच्याऐवजी १०८ बार. १२० च्या लयीत ३ मिनिटं ३६ सेकंद, आणि गायकाला मधे विसावा जवळजवळ नाही. शब्द २८ पॉइंटच्या अक्षरांत छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून समोर ठेवले होते. सुटा कागद उलटताना वाजतो. टेक सुंदर गेला. फक्त शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात एक शब्द आधीच्या कडव्यातला आला.

बूथ असता तर तेवढा शब्द पुन्हा गाऊन घेतला असता. इथे तो चुकलेला शब्द पियानोच्या, बासच्या, ड्रमच्या माइकमध्येही बसला होता. फक्त गायकाचा आवाज बदलला तर मागून जुना शब्द भुतासारखा ऐकू येतो. म्हणून सगळा बँड पुन्हा. कानात लय देणारा क्लिक नव्हता, तेव्हा आधीचे आठ बार स्पीकरवर ऐकवले, थांबवले, आणि त्याच लयीत आठ बार वाजवून घेतले. जोड कुठे द्यायचा, हे पियानोच्या पेडलवर ठरतं. मागच्या कॉर्डची गुंज पुढे सांडत असेल तर जोड उघडा पडतो. पेडल उचललेला, पहिल्या मात्रेवर ब्रशचा ठोका, अशी जागा शोधून १५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक टेक विरताना दुसरा वर येतो.

बाकी साफसफाई किरकोळ. कवळीमुळे ‘स’ शिट्टीसारखा यायचा, तो ६ किलोहर्ट्झच्या आसपास डी-एसरने दाबला. तोंड कोरडं पडून येणारे चटचट आवाज हिरव्या सफरचंदाच्या फोडीने कमी झाले. दुधाचा चहा मात्र बॅलड संपेपर्यंत कोणी आत आणू दिला नाही. श्वास ठेवले, फक्त दोन मोठे ३ डेसिबल खाली घेतले.

मग अल्बम काढणाऱ्या मंडळींचा निरोप आला की दोन-तीन लांब स्वर खाली वाटतात, ट्यून करून द्या. ते करता येत नव्हतं. त्या स्वराबरोबर माइकमधला पियानोही सरकतो, आणि खऱ्या पियानोशेजारी एक बेसूर पियानो उभा राहतो. एक ओळ ट्यून करून, आधी मूळ आणि मग बदललेली, अशा दोन्ही फाइली पाठवल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पहिलीच ठेवा.