रक्ताआधी स्नायू काळा पडला

"मॅडम, टीआय नीट लागत नाहीये." आमचा तंत्रज्ञ असं सहसा म्हणत नाही. हृदयाच्या एमआरआयमध्ये मुरलेला माणूस. हातातला रिपोर्ट अर्धवट सोडून मी कन्सोलपाशी गेले.

मशिनमध्ये सत्तरी ओलांडलेले आजोबा होते. थोडं चाललं की धाप, पायांवर सूज. इकोमध्ये डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या खालच्या कप्प्याची भिंत १७ मिलिमीटर; एरवी ती ११-१२च्या आत असते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ब्लडप्रेशरमुळे जाड झालेलं हृदय?' ते प्रश्नचिन्ह टाकणाऱ्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात दाद दिली. कारण ईसीजीतल्या लाटा अगदी खुज्या होत्या. नुसता स्नायूच वाढला असता तर त्या उंच दिसायला हव्या होत्या.

हलत्या हृदयाची चित्रं ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून, श्वास रोखायला लावून घ्यावी लागतात. आजोबांना श्वास धरवत नव्हता, म्हणून प्रत्येक टप्पा आखूड केला. त्यात बराच वेळ गेला, पण चित्रं बरी आली.

खरी अडचण गॅडोलिनियम, म्हणजे चित्र उठावदार करणारं शिरेतून द्यायचं औषध, दिल्यानंतरची. साधारण १० मिनिटं थांबून आपण असा क्षण शोधतो, की निरोगी स्नायूचा सिग्नल शून्य होऊन तो काळाभोर दिसेल आणि व्रण असेल तर पांढरा उठेल. हा क्षण म्हणजे टीआय. तो शोधायला एकामागून एक चित्रांची मालिका घेतात. तिच्यात आधी रक्त काळं पडतं, मग स्नायू. इथे क्रम उलटा! स्नायू रक्ताच्या आधीच काळा होऊन गेला होता. कोणताही टीआय घ्या, स्नायू धुरकट, ठिगळं लावल्यासारखा, आणि पोकळीतलं रक्त काळपट.

"मशिन ठीक आहे," मी म्हटलं, "हे अमायलॉइड दिसतंय." चुकीच्या घडीची प्रथिनं स्नायूपेशींच्या मधल्या जागेत साचतात, गॅडोलिनियम तिथेच मुरतं आणि रक्तातलं प्रमाण घटतं. चित्र 'बिघडतं' ते यामुळे.

बाहेर आल्यावर आजोबांना विचारलं, "मनगटाचं ऑपरेशन झालंय का कधी?"

"दोन्ही हातांचं. बोटं बधिर व्हायची. पण फोटो तर छातीचा काढलात ना?"

हेच अमायलॉइड मनगटातही साचून नस दाबू शकतं, म्हणून तो प्रश्न. त्यांच्या मुलीने भर घातली, की हल्ली ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतल्या की बाबांना उभं राहताना चक्कर येते.

अमायलॉइड कोणत्या जातीचं, हे एमआरआय खात्रीने सांगत नाही. लाइट चेनच्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या प्रथिनांपासून होणाऱ्या जातीत उपचाराला उशीर परवडत नाही, म्हणून कार्डिओलॉजिस्टना लगेच फोन केला. लाइट चेन शोधणाऱ्या रक्त-लघवीच्या तपासण्या स्वच्छ आल्या. हाडांच्या स्कॅनचं औषध मात्र हृदयात ठळक जमा झालं. ट्रान्सथायरेटिन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाच्या जातीची ही ओळखीची खूण.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या लगेच कमी झाल्या. हा आजार कधी कधी आनुवंशिकही असतो, त्यामुळे जनुकीय तपासणीचा नमुना गेला आहे. त्या अहवालाची चौकशी आजोबांपेक्षा त्यांची मुलगीच जास्त करते.