नीलच्या भरतीत, प्रवाळांवर तरंगताना

अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. सेल्युलर जेल, तिथला ध्वनी-प्रकाशाचा खेळ, हॅवलॉकचा राधानगर किनारा आणि पॅकेजमध्येच धरलेलं एलिफंट बीचवरचं स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं. हे शेवटचं प्रकरण दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. आपण रबरी ट्यूबला धरून तरंगायचं, गाईड ती ट्यूब ओढत नेतो, बोटाने इकडचे तिकडचे मासे दाखवतो, फोटो काढतो आणि पुढच्या माणसासाठी परत किनाऱ्याला आणून सोडतो. त्यात वाईट काही नाही. पोहता न येणाऱ्या कितीतरी माणसांनी जिवंत प्रवाळ आयुष्यात पहिल्यांदा पाहिले ते असेच. पण ओढत नेल्यावर फक्त रंग दिसतात. तिथे खाली कोण कुणाशी कसं वागतं, हे एका जागी थांबल्याशिवाय कळत नाही. म्हणून मुलांच्या परीक्षा संपताच एप्रिलमध्ये आम्ही निघालो तेव्हा हॅवलॉक थोडक्यात आटोपलं आणि उरलेली सगळी सुट्टी नीलला दिली.

नीलचं सरकारी नाव २०१८ च्या डिसेंबरपासून शहीद द्वीप. बेट एवढंसं. स्कूटर घेतली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला अर्धा तासही लागत नाही. पूर्व बंगालातून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं गेलं. त्यांनी जमीन कसली, आणि आज अंदमानच्या बाजारात जाणारी बरीचशी भाजी इथली असते. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. त्यात आम्ही गेलो ते नेमके रामनवमीचे दिवस. घड्याळ भारताचं असलं तरी सूर्य पार पूर्वेचा, त्यामुळे पहाटे पाचलाच फटफटतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडतो. घरी आठ वाजता हाका मारून उठवावी लागणारी मुलं इथे सहाला किनाऱ्यावर तयार असायची.

रामनवमीचा मुद्दा आईने काढला. माझी आई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात वाढली. तिला पोहता येत नाही, पण पाण्याचं वेळापत्रक तिच्या अंगात आहे. "नवमी-दशमी म्हणजे भांगाची भरती. पाणी पुरतं भरणार नाही नि पुरतं सुकणारही नाही," ती म्हणाली. "आपल्या कामाला बरं." आणि ते शब्दशः खरं ठरलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, पाणी जोरात आत येतं आणि तितक्याच जोरात ओढून नेतं. तळाची वाळू ढवळली जाते आणि पाणी गढूळ होतं. भांगाला ओढ कमी, त्यामुळे पाणी नितळ. अंदमानची भरती मुंबईसारखी चार-पाच मीटरची नसते, उधाणालाही दोन मीटरच्या आसपासच. पण प्रवाळच जिथे छातीभर पाण्यात आहेत, तिथे हातभर पाण्यानेही फरक पडतो. भरतपूरला उधाणाच्या ओहोटीत प्रवाळ इतके वर येतात की तरंगणाऱ्या माणसाचे गुडघे त्यांना घासतात. तेव्हा अंदमानचं बुकिंग करताना विमानाचे दर बघालच, पण शेजारी कालनिर्णयही उघडून ठेवा.

भरतपूरला एक बोटवाले दादा मिळाले. बंगाली, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकच्या फेरीबोटी येऊन गर्दी व्हायच्या आधी सकाळी फक्त आमच्या कुटुंबाला न्यायला ते तयार झाले. त्यांची एकच अट होती. आधी कंबरभर पाण्यात, वाळूवर, श्वासाची सवय करायची. ती झाल्याशिवाय प्रवाळांकडे नेणार नाही.

ही सवय म्हणजेच अर्धं स्नॉर्केलिंग. मास्क नाक झाकतो, त्यामुळे नाकाने श्वास घेण्याचा प्रश्नच उरत नाही. सगळा कारभार तोंडातल्या नळीवर. शरीराला हे पटायला वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जण भराभर, उथळ श्वास घेतो आणि घाबरतो, कारण नळीत उरलेली वापरलेली हवाच पुन्हा आत जात राहते. सावकाश, खोल श्वास घेतला आणि तितकाच सावकाश सोडला की छाती मोकळी होते. मास्क बसतो की नाही हे बघायची दादांची पद्धत सोपी होती. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच हवा आत ओढायची आणि हात सोडायचा. तो चिकटून राहिला तर तो तुमचा. माझ्या नवऱ्याला भरघोस मिशा आहेत आणि मिशांमधून पाणी झिरपतं. दादांनी खिशातून व्हॅसलिनची डबी काढून मिशांच्या वरच्या कडेला जाड थर लावला, आणि झिरपणं जवळजवळ थांबलं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायचं. मुलांनी हे काम फारच मन लावून केलं.

मग आम्ही प्रवाळांवर गेलो.

आधी जाणवतो तो आवाज. पाण्याखाली शांत असेल अशी आपली समजूत असते, पण कान बुडाले की चहूबाजूंनी तडतड ऐकू येते, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी, आणि ती थांबतच नाही. हे काम बोटाएवढ्या कोळंब्यांचं. त्यांची एक नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि तो फुटण्याचा हा आवाज. जिथे प्रवाळ जिवंत आहेत तिथे तडतड दाट असते. नंतर नंतर मला डोळे न उघडताही कळायला लागलं, आपण वाळूवर आहोत की प्रवाळांवर.

आणि रंग. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, चार-पाच मीटर खोलीवर तो जवळपास संपतो. म्हणून खोल डुबकी मारणारे सोबत दिवा नेतात. वरच्यावर तरंगणाऱ्याला मात्र दोन मीटर पाण्यात सगळे रंग फुकट मिळतात. शिवाय मास्कच्या सपाट काचेतून वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या आणि जवळ दिसतात. प्रवाळ बघायला स्कूबाच, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणंच हवं, हा समज सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं.

दादांनी आम्हाला एका मोठ्या गोल प्रवाळापाशी नेलं आणि इथेच थांबा अशी खूण केली. माणसाच्या छातीइतका उंच, पिवळसर करड्या रंगाचा धोंडा. पहिल्या नजरेला दगडच. जवळ गेल्यावर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य खळगे दिसले. प्रत्येक खळग्यात एक जीव. यांनीच स्वतःखाली चुना साठवत साठवत हा डोंगर उभा केला. या जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे याचं वय शंभरच्या पुढेमागे. सावरकर १९११ ते १९२१ या काळात सेल्युलर जेलमध्ये होते. आदल्याच आठवड्यात आम्ही त्यांची कोठडी पाहून आलो होतो. तेव्हा हा जीव इथे, याच जागी, मुठीएवढा असेल, हे मनात आलं आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही.

थांबल्यावर गोष्टी घडू लागल्या. धोंड्यावर निळी, केशरी, पांढरी इवलीशी झाडं उगवलेली होती, नखाएवढी. मुलीने बोट नुसतं रोखलं तर सगळी एका क्षणात आत गडप झाली. ती झाडं नव्हती, ख्रिसमस ट्री वर्म नावाच्या किड्यांचे तुरे होते. त्यांनीच ते श्वास घेतात आणि अन्नही पकडतात. जरा स्थिर राहिलो तर आधी एक, मग दोन, मग सगळे तुरे हळूहळू बाहेर. धोंड्याच्या एका कपारीत जायंट क्लॅम बसला होता. शिंपल्याच्या उघड्या तोंडातून बाहेर आलेला मखमली निळा-जांभळा पडदा. आमची सावली पडली की तो दचकून अर्धा मिटायचा.

दुसऱ्या बाजूला एक निळ्या पट्ट्याचा बोटभर मासा एकाच ठिकाणी वरखाली नाचत होता. त्याच्यापुढे मोठे मासे येऊन स्तब्ध उभे राहायचे. कल्ले उघडायचे, तोंड उघडायचे, आणि हा चिमुकला सरळ त्यांच्या तोंडात शिरून परजीवी खाऊन बाहेर यायचा. क्लीनर रास म्हणतात त्याला. सहज गिळता येईल असा जीव दातांमधून फिरतो आणि मोठा मासा जबडा मिटत नाही. ट्यूबला धरून पुढे गेलेल्या कुणालाही हे दिसलं नसतं. मुलगा किनाऱ्यावर आल्यावर दुसरं काही बोलतच नव्हता. मुलीला क्लाउनफिश आवडले. समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या विषारी बोटांमध्ये ते बिनधास्त राहतात, कारण त्यांच्या अंगावरचा चिकट थर त्यांना वाचवतो. पण तिला जास्त पटलं ते त्यांच्या घरातलं राज्य. सगळ्यात मोठी असते ती मादी, आणि ती मेली की तिच्या जोडीचा नर स्वतःच मादी होतो.

आई त्या सकाळी आधी नुसतीच बोटीत बसली होती. नंतर म्हणाली, "मलाही द्या ते." पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा कुर्ता, त्यावर लाइफ जॅकेट. दादांनी एक हात आणि मी एक हात धरला. तिने चेहरा पाण्यात घातला, लगेच काढला, पुन्हा घातला. तिसऱ्यांदा मात्र तिने डोकं वर काढलंच नाही. तिची बोटं माझ्या हातात सैल झाली तेव्हा मला कळलं की ती आता घाबरलेली नाही. वर आल्यावर तिने विचारलं, "तो हिरवा मासा दगड खातोय का?" खातच होता. पॅरटफिश. चोचीसारख्या दातांनी तो मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, सोबत चुनाही पोटात जातो आणि तो बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर सतरंजी टाकून बसतो, तिचा मोठा भाग असा तयार झालेला असतो.

सगळंच असं भरलेलं नव्हतं. थोडं पुढे गेलं की प्रवाळांच्या तुटक्या फांद्यांचा करडा खच लागतो, दूरपर्यंत. दादा म्हणाले, २०१० च्या उन्हाळ्यात इथलं सगळं पांढरं पडलं होतं. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्यांना रंग देतं आणि बरंचसं अन्नही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ही सोबत तुटते. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा होतो. पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्यानंतर २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांवर पुन्हा तीच पाळी आली, आपल्या लक्षद्वीपलाही त्याची झळ बसली. त्या खचात मात्र दादांनी बोट दाखवून दाखवून नव्या वसाहती दाखवल्या. अंगठ्याएवढ्या, टोकांना फिकट निळ्या.

म्हणूनच नंतर जे पाहिलं त्याने माझा संताप झाला. उशिरा आलेल्या एका गटाचा गाईड दमलेल्या माणसांना सरळ प्रवाळांवर उभं करत होता, आणि त्यांना आपण कशावर उभे आहोत हे सांगितलंही नव्हतं. अंगठ्याएवढी वाढ व्हायला वर्ष लागतं आणि एका टाचेखाली ती संपते. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलून आणता येत नाही. तुमचा गाईड काहीही म्हणाला तरी पाय टेकायला नाही म्हणा. लाइफ जॅकेट अंगात असताना उभं राहायची गरजच नसते, पाठीवर उलटं झालं की दम खाता येतो. आणि सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळांना घातक आहेत. हवाई आणि पलाऊ यांनी तर अशा सनस्क्रीनवर कायद्याने बंदीच घातली आहे. कपड्यांनी पाठ भाजायचीही वाचते.

कुणाला पाण्यात उतरायचंच नसेल तर नीलचा नैसर्गिक पूल, म्हणजे किनाऱ्यावरची खडकाची कमान आहे. तिथे मात्र ओहोटीलाच जायचं. खडकांत साचलेल्या पाण्यात समुद्रकाकड्या, खेकडे, लहान मासे उभ्या उभ्या दिसतात. खडक निसरडे आहेत, मागून पट्टा असलेली चप्पल हवी.

परतीच्या आधी आम्ही पोर्ट ब्लेअरजवळच्या वांडूरला जाऊन जॉली बॉयही केलं. हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट. हे उद्यान १९८३ मध्ये झालं, त्यात पंधरा बेटं येतात. जॉली बॉय साधारण हिवाळ्या-उन्हाळ्यात खुलं असतं, पावसाळ्यात ते बंद ठेवून रेड स्किन हे दुसरं बेट उघडतात, म्हणजे प्रत्येकाला विसावा मिळतो. सोमवारी बंद. प्लास्टिक सोबत नेता येत नाही, जेट्टीवर पिशव्या तपासतात, पाण्याच्या बाटल्यांची अनामत घेतात आणि बाटली परत दाखवल्यावर ती देतात. ही शिस्त मला फार आवडली आणि तिचा परिणाम पाण्यात दिसतो. बेटावर मुक्कामाची सोय नाही, थोडे तास मिळतात, त्यामुळे आधी काय करायचं ते ठरवून जा. तिथे काचेच्या तळाच्या बोटीची फेरी असते आणि वयस्कर मंडळींना सगळे आधी तिच्याकडेच पाठवतात. आईलाही पाठवलं. ती त्या रांगेत उभीच राहिली नाही, सरळ मास्क देणाऱ्या मुलाकडे गेली आणि एकेक मास्क चेहऱ्याला टेकवून, हात सोडून, आपला कुठला ते बघायला लागली.