टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? जुन्या गाडीच्या बाबतीत माझा अनुभव

गाडी विकत घेताना आधीच्या मालकांनी मला कागदपत्रांची एक फाइल दिली होती आणि त्या फाइलमध्ये एका गॅरेजचे बिल होते. बिलावर ‘बेल्ट – 1 नग’ अशी नोंद होती. टायमिंग बेल्ट बदललेला आहे का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी याच नोंदीवर बोट ठेवले आणि मीही ते मान्य केले. त्या वेळी गाडी नऊ वर्षांची होती आणि 61,000 किलोमीटर चाललेली होती. पुढची तीन वर्षे मी त्या एका शब्दाच्या भरवशावर गाडी चालवली. ओडोमीटर 74,000 च्या आसपास पोहोचला तेव्हा दुसऱ्याच काही कामासाठी गाडीची पुस्तिका चाळत होतो आणि देखभालीच्या तक्त्यातील टायमिंग बेल्टच्या ओळीवर नजर गेली: 1,00,000 किलोमीटर किंवा 8 वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते.

किलोमीटरच्या हिशेबाने माझ्याकडे अजून 26,000 शिल्लक होते. वर्षांच्या हिशेबाने मात्र, बेल्ट मूळचाच असेल तर, मुदत उलटून चार वर्षे झाली होती. कमी चाललेली जुनी गाडी घेणाऱ्या माणसाचे घोडे नेमके इथे अडते, कारण कमी किलोमीटर ही आपल्याला जमेची बाजू वाटते आणि वर्षांचा आकडा आपण सहज नजरेआड करतो.

वर्षांची अट कशासाठी असते, हे समजून घेतल्याशिवाय मला निर्णय घ्यायचा नव्हता. टायमिंग बेल्टचे काम क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या झडपा, उघडणारा दांडा) यांचा ताळमेळ राखण्याचे असते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हायला हवा, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात असतात आणि दोन्ही पुल्या एकाच दातेरी पट्ट्याने बांधलेल्या असतात. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांनी चालत असेल तर कॅमशाफ्ट सेकंदाला 25 वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात व्हॉल्व्ह ठरलेल्या क्षणी उघडून मिटावे लागतात. हा पट्टा लोखंडाचा नसतो. हल्लीच्या बहुतेक बेल्टमध्ये उष्णता सहन करणारे कृत्रिम रबर असते, त्याच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या ताण घेतात आणि दातांवर नायलॉनच्या कापडाचे अस्तर असते. रबर उष्णतेने आणि हवेतील ओझोनने कडक होत जाते, आणि ते केवळ गाडी किती किलोमीटर चालली यावर अवलंबून नसते. गाडी उभी असली तरी बेल्टचा तोच भाग तासन्‌तास पुलीभोवती वाकलेल्या अवस्थेत राहतो. थोडे चालून जास्त दिवस उभी राहिलेली गाडी म्हणजे बेल्ट नवा, असे समीकरण मांडता येत नाही.

साखळीऐवजी असा पट्टा वापरण्याची पद्धत मोटारींमध्ये फार जुनी नाही. 1962 साली हान्स ग्लास या जर्मन कंपनीने आपल्या 1004 या गाडीत तो बसवला आणि पुढे तो सर्वदूर पसरला, कारण तो हलका असतो, आवाज कमी करतो आणि कोरडा चालणारा असल्याने त्याला तेल लागत नाही. त्या फायद्यांच्या बदल्यात ठरावीक काळाने तो बदलावा लागतो. ज्यांच्या गाडीत साखळी आहे त्यांना हा प्रश्न या स्वरूपात पडत नाही, म्हणून आधी आपल्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, हे पाहून घ्यावे. इंजिनाच्या बाजूला स्क्रूने बसवलेले प्लास्टिकचे कव्हर असेल तर आत बहुधा पट्टा असतो. धातूचे, सीलबंद आणि तेलाने भिजलेले कव्हर असेल तर बहुधा साखळी. तेलातच फिरणारे पट्टेही काही नव्या इंजिनांत असतात, त्यामुळे पुस्तिकेत खात्री करून घेणे उत्तम.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर होता. बेल्ट तुटलाच तर काय होईल? काही इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडे असले तरी पिस्टन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे बेल्ट तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते आणि नवा बेल्ट बसवून पुन्हा चालू होते. अनेक इंजिनांत मात्र व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकच जागा आळीपाळीने वापरतात. बेल्ट तुटताच कॅमशाफ्ट थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि क्रँकशाफ्ट स्वतःच्या गतीने फिरत राहिल्याने पिस्टन त्यांच्यावर आदळतात. वाकलेले व्हॉल्व्ह ही त्यातली सौम्य हानी. डिझेल इंजिने जवळपास सगळी याच प्रकारची असतात, कारण त्यांच्यात पिस्टनच्या वर जागा फारच थोडी उरते. माझे इंजिन पेट्रोलचे, सोळा व्हॉल्व्हचे. ते कोणत्या प्रकारचे आहे हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेले नव्हते, पण दुरुस्तीच्या पुस्तिकेत बेल्ट काढल्यानंतर क्रँक आणि कॅम वेगवेगळे फिरवू नयेत, अन्यथा व्हॉल्व्हला इजा होईल, असा स्पष्ट इशारा होता. त्या एका वाक्याने मला उत्तर मिळाले.

मग मी ते जुने बिल पुन्हा काढले, आणि या वेळी नीट वाचले. ‘बेल्ट – 1 नग’ याच्या खाली मजुरी होती ती अर्ध्या तासाची. माझ्या इंजिनात टायमिंग बेल्टपर्यंत पोहोचायला पुढचे उजवे चाक काढावे लागते, इंजिनाला खालून आधार देऊन एक माउंटिंग सोडावे लागते, बाहेरचा बेल्ट आणि क्रँकची पुली काढावी लागते. हे अर्ध्या तासात होणारे काम नाही. शिवाय टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली), आयडलर पुली (पट्ट्याला वाट देणारी पुली), वॉटर पंप किंवा कूलंट (पंप इंजिनात खेळवतो ते थंड ठेवणारे द्रव) यांची बिलावर कुठेही नोंद नव्हती. बदललेला बेल्ट होता तो बाहेरचा, म्हणजे अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा, ज्याला बरेच लोक अजूनही फॅन बेल्ट म्हणतात. आधीच्या मालकांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी बेल्ट बदलला होता हे खरेच होते, पण कोणता, हे त्यांना कुणी सांगितले नसावे आणि मीही विचारले नाही. जुनी गाडी घेताना तोंडी आश्वासन किंवा ‘बेल्ट’ हा मोघम शब्द पुरावा म्हणून धरू नये. बिलावर टायमिंग बेल्ट असे स्पष्ट, तारखेसह आणि ओडोमीटरच्या आकड्यासह लिहिलेले नसेल तर तो बदललेलाच नाही असे गृहीत धरावे, असे माझे आता ठाम मत आहे.

तरीही मी लगेच काम काढले नाही. ज्या गॅरेजमध्ये मी नेहमी जात असे तिथल्या मेकॅनिकने इंजिन चालू करून क्षणभर कान दिला आणि म्हणाला, “साहेब, एकदम गुळगुळीत चालतंय. आवाज यायला लागला की बघू.” हे ऐकायला बरे वाटले, म्हणूनच ते मला जास्त खटकले. टायमिंग बेल्ट तुटण्याआधी आवाज करेलच असे नसते. पुढच्या बाजूने येणारी कुईकुई बहुधा बाहेरच्या बेल्टची असते आणि गुरगुर आली तर ती टेन्शनरच्या किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगची असू शकते, पण खुद्द पट्ट्याचे दात मुळाशी चिरत चालले असतील तर इंजिन शेवटच्या दिवसापर्यंत गुळगुळीतच चालते. ब्रेकचे पॅड घासून कमी होतात, क्लच हळूहळू घसरू लागतो. त्या वस्तू आपल्याला वेळ देतात. या पट्ट्याच्या बाबतीत आज ठीक आणि उद्या बंद, अशी गत असते.

मी दुसऱ्या एका अनुभवी मेकॅनिककडे गेलो आणि वरचे कव्हर काढून आत पाहू देण्याची विनंती केली. कव्हरचा वरचा अर्धा भाग तीन बोल्टवर होता, त्यामुळे पाच मिनिटांत तो बाजूला झाला. टॉर्चच्या उजेडात पट्ट्याची पाठ दिसली, तिच्यावरची छापील अक्षरे जवळजवळ पुसलेली होती आणि पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी आली होती. कडेला दोन-तीन ठिकाणी धागे सुटलेले होते. चीर मात्र एकही दिसत नव्हती. मी तसे बोलून दाखवले तेव्हा मेकॅनिक म्हणाले, “पाठीवर काय बघता? चिरा दाताच्या मुळाशी पडतात, आणि ती बाजू पुलीकडे असते. पट्टा चांगला दिसला म्हणून तो चांगला आहे असं मी कुणालाच सांगत नाही.” मग त्यांनी काढलेले कव्हर उलटे करून माझ्यासमोर धरले. आतल्या बाजूला कॅमशाफ्टच्या रेषेत काळपट, चिकट धुळीचा एक थर जमला होता, आणि त्यावरून बोट फिरवल्यावर बोटाला तेल लागले. कॅमशाफ्टभोवती तेल अडवून धरणारे ऑइल सील झिरपत होते. तेल लागले की रबर फुगते, मऊ पडते आणि दातांचे अस्तर सुटू लागते, म्हणून तेल लागलेल्या बेल्टला पुस्तिकेतली कोणतीच मुदत लागू होत नाही.

तो थर पाहिल्यावर बदलायचा की नाही हा प्रश्न माझ्यापुरता संपला. तरी एक हिशेब मी घरी येऊन केला, कारण किलोमीटरच्या आकड्यावरचा माझा विश्वास मला तपासून पाहायचा होता. गाडी बहुतांश शहरातल्या रहदारीत चालली, सरासरी वेग ताशी 25 किलोमीटर धरला, तर 74,000 किलोमीटरसाठी इंजिन 2,960 तास चालले. मिनिटाला सरासरी 1500 फेऱ्या धरल्या तर क्रँकशाफ्टचे सुमारे 26 कोटी 64 लाख फेरे झाले. हीच गाडी मोकळ्या रस्त्यावर सरासरी 60 च्या वेगाने आणि 2500 फेऱ्यांवर चालली असती तर साधारण 1,233 तासांत आणि साडेअठरा कोटी फेऱ्यांत हे अंतर कापले गेले असते. सिग्नलला थांबलेल्या गाडीचा ओडोमीटर थांबतो, बेल्ट थांबत नाही. खूप वेळ उभ्याने चालणाऱ्या इंजिनांसाठी अनेक कंपन्या लवकरची मुदत देतात, त्याचे कारण हेच आहे; अति थंड, अति उष्ण किंवा धुळीच्या भागांसाठीही अशी लवकरची मुदत असते.

बारा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करावा का, असे घरातूनही विचारले गेले आणि प्रश्न रास्त होता. मी त्याचे उत्तर गाडीच्या बाजारभावावरून काढले नाही. ही गाडी अजून चार-पाच वर्षे वापरायची आहे का, आणि बाकीचे इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा त्या लायकीचे आहेत का, एवढेच पाहिले. दोन्हींचे उत्तर होय असे होते. गाडी महिन्या-दोन महिन्यांत भंगारात जाणार असती तर मी कदाचित वेगळा विचार केला असता. पण विकायची असती तर बेल्ट जुना आहे हे घेणाऱ्याला सांगितल्याशिवाय ती मी विकली नसती.

कामाच्या वेळी मी बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर पुली, वॉटर पंप आणि कॅम व क्रँक यांची पुढची ऑइल सीले बदलून घेतली. माझ्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणजे पंपाचे बेअरिंग जाम झाले तर नवा बेल्टही तुटणार किंवा दात सोडणार. या कामात मजुरीचा वाटा मोठा असतो, आणि ते सगळे भाग एकदा उघडल्यावर हाताशीच असतात. पैसे वाचवायचे म्हणून नुसता पट्टा बदलून घेणे मला पटत नाही.

बसवताना मेकॅनिकनी पुल्यांवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवल्या, टेन्शनर मोकळा सोडून पट्ट्याला ताण दिला आणि मग ज्या गोष्टीची मी वाट पाहत होतो ती केली: क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, फिरण्याच्याच दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवले. कुठेही अडथळा जाणवला नाही आणि खुणा पुन्हा जागच्या जागी आल्या. एखादा दात जरी चुकला असता तर तो इथेच कळला असता, आणि हाताने फिरवताना कळणे हे चावी फिरवल्यावर कळण्यापेक्षा कितीतरी बरे. त्यानंतरच कव्हरे चढली, कूलंट भरून हवा काढली आणि इंजिन सुरू झाले.

जुना बेल्ट मी मागून घेतला. दातांची बाजू वर करून तो उलटा वाकवला तेव्हा सलग सात-आठ दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. सरळ सोडला की त्या मिटून जात आणि पट्टा पुन्हा धडधाकट दिसे. टेन्शनरची पुली बोटांनी फिरवली तर ती वाळू असल्यासारखी खरखरत होती. तो बेल्ट आणखी महिनाभर टिकला असता की दोन वर्षे, हे मला सांगता येणार नाही.

निघताना मी एका स्टिकरवर तारीख, ओडोमीटरवरचा आकडा आणि ‘टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, कॅम व क्रँक सील – सर्व नवे’ असे लिहून ते बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले, आणि बिलावरही प्रत्येक वस्तू नावानिशी लिहून घेतली. ते बिल आता त्याच फाइलमध्ये, जुन्या बिलाच्या वर लावलेले आहे.