तात्या, ‘आम्ही’ आणि माझा प्रबंध

इंग्रजी आणि मराठी वर्तमानपत्रांतले लेखक मत कसं मांडतात आणि वाचकाला कसं सोबत घेतात, हा माझा पीएच.डी.चा विषय. मोजायला भाषाशास्त्रज्ञ केन हायलंड यांचा २००५ चा आराखडा घेतला. लेखकाची भूमिका त्यात चार खुणांनी टिपायची: सावध शब्द, ठाम शब्द, भाव दाखवणारे शब्द, स्वतःचा उल्लेख. वाचकाशी बोलण्याच्या खुणा पाच: ‘तुम्ही-आपण’, प्रश्न, ‘हे पाहा’सारख्या सूचना, दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टी आणि मध्येच टाकलेली खासगी टिप्पणी. हा आराखडा २४० शोधनिबंधांवरून बेतलेला, अग्रलेखांवरून नव्हे. हे मी वहीत लिहून ठेवलं आणि विसरले.

अँटकॉन्क या मजकुरात शब्द शोधून मोजणाऱ्या संगणकी साधनात ‘मी’ शोधला. इंग्रजी लेखांत ‘आय’ जागोजागी, मराठीत ‘मी’ अगदी तुरळक. उलट ‘आपण-आपला’ ढिगाने. झालं! मराठी लेखक स्वतःला लपवतो आणि वाचकाला कवेत घेतो, असं प्रकरण मी उत्साहात लिहून टाकलं.

मार्गदर्शक मॅडमनी एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली: ‘सरकारने आपली जबाबदारी ओळखावी.’ “यात वाचक कुठंय?” नव्हताच. ती जबाबदारी सरकारचीच. आणि ‘मला वाटते’मध्ये ‘मी’ हे अक्षर येत नाही, हे मराठी बोलणाऱ्या बाईला यंत्राने शिकवावं लागलं. ठामपणा दाखवणारा ‘च’ तर शब्दालाच चिकटलेला, सुटा सापडणार कसा? सगळी मोजणी पुन्हा हाताने, रंगीत पेनांनी.

दिवाळीत कात्रणं घेऊनच परळीला गेले. तात्या सकाळी ओसरीवर पेपर मोठ्याने वाचतात. ‘निधीची कमतरता आहे म्हणे’ इथं आले की आवाज आपोआप वाकडा होतो. मी हा ‘म्हणे’ सावध शब्दांत टाकला होता: ऐकीव माहिती, लेखक हात झटकतोय. तात्यांच्या तोंडून तो सरळ टोमणा होता. हायलंडच्या तक्त्यात टोमण्याला जागा नव्हती, म्हणून पेन्सिलने नवा रकाना आखला. मराठी अग्रलेखाची अर्धी भूमिका त्या रकान्यात बसते, असं माझं मत आहे.

पुढे तात्याच थांबले. “हे ‘आम्ही’ म्हंजे कोण गं? एकटाच तर लिहायलाय की.”

इथं मला इंग्रजीची अडचण कळली. तिथल्या ‘वुई’त वाचक धरलाय की वगळलाय, हे संदर्भावरून ताडावं लागतं. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की वाचक दाराबाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. एकाच अग्रलेखात लेखक हे दार कुठे उघडतो, तेच मग मी शोधत बसले. प्रश्नांचंही तसंच. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’तला ६ जुलै १८९७ चा टिळकांचा मथळा. विचारलं सरकारला, पण उत्तर वाचकाने मनात द्यायचं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी टोमण्याच्या रकान्यावरच वीस मिनिटं घेतली. बाकीचं पटापट उरकलं.

पेढे घेऊन गेले तर तात्यांनी प्रबंध उलटसुलट करून पाहिला. “मग तू यात काय लिहिलंस, ‘मी’ का ‘आम्ही’?”

“‘प्रस्तुत संशोधिकेने’,” मी म्हणाले.

“ती कोण?” तात्या म्हणाले.