पोर्चमधली एट हंड्रेड

डिसेंबर-जानेवारीत गोव्यात लग्नांची गर्दी उसळली की चर्चसमोर, मंगल कार्यालयासमोर फितींनी सजवलेली एखादी ‘व्हिंटेज’ मोटार हमखास दिसते. लांबोडकं नाक, मोठाले गोल दिवे, बाजूला स्टेपनी. पाहुणे तिच्याशी टेकून फोटो काढतात. तिच्यामागे माडाच्या सावलीत नवरीच्या मामाची पांढरी मारुती एट हंड्रेड उभी असते आणि तिच्या टपावर कुणीतरी अर्धी प्यालेली कोल्ड्रिंकची बाटली ठेवून दिलेली असते. यातली गंमत अशी, की लग्नाला भाड्याने मिळणाऱ्या असल्या काही गाड्या जीपच्या सांगाड्यावर नवा पत्रा चढवून तयार केलेल्या असतात. म्हणजे त्या दोघींमधली खरी म्हातारी बऱ्याचदा ती टपावर बाटली घेऊन उभी असलेलीच.

जुन्या मोटारींच्या छंदात एट हंड्रेडला, पद्मिनीला, लुनाला जागा असावी का, या प्रश्नावर जाणकारांच्या भुवया अजून वर जातात. ‘उद्या काय, ऑटोरिक्षापण आणाल!’ हे ठरलेलं वाक्य. (आणावी की. बसल्या जागेवरून ओढून सुरू करायचा दांडा असलेली जुनी रिक्षा आज शोधून दाखवा.)

हा छंदच मुळात खानदानी श्रीमंतीचा, असा आपला एक समज आहे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस पाहून तो झाला असावा. पण ज्या इंग्लंडातून ‘व्हिंटेज’ हा शब्द मोटारींना चिकटला, तिथला व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब १९३४ साली निघाला तो फारसे पैसे नसलेल्या तरुण मंडळींसाठी. गाडी निदान पाच वर्षं जुनी हवी, एवढीच सुरुवातीची अट. आज ज्या गाड्यांच्या बाजूने आपण जपून चालतो त्या तेव्हा चक्क सेकंडहँड होत्या. फोर्डचं मॉडेल टी तर १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघालं; स्वस्त, काळं, शेतकऱ्याचं. ते आज संग्रहालयात चालतं आणि एट हंड्रेड चालत नाही, याला ‘अजून तेवढी वर्षं झाली नाहीत’ यापलीकडे कारण सापडत नाही.

गोव्याला तर हे वेगळं सांगायलाच नको. मुक्तीपूर्वी इथे डिझेल मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत. मागे पाटावर टोपल्या, आत दाटीवाटीने माणसं. त्यातलीच एखादी आता चकचकीत होऊन प्रदर्शनात उभी राहिली की आपण तिला ‘अँटिक’ म्हणतो. टॅक्सीची अँटिक होते ती अशी, मधली पन्नास वर्षं कुणीतरी तिला भंगारात घातली नाही म्हणून.

आता किती वर्षांनी म्हातारपण मोजायचं? जागतिक पातळीवरची फिवा ही संघटना ३० वर्षांची रेघ ओढते, अमेरिकेतला मोठा क्लब २५ वर्षांची. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हटलं. गाडी मूळ रूपात हवी; चासी (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठी ढवळाढवळ केलेली नको. नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं टिकते, पुढच्या वेळी ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नियमात किमतीचा, घराण्याचा, सिलिंडरच्या संख्येचा शब्द नाही. कागदावर लुना आणि रोल्स एका पंगतीला.

अडचण पन्नाशीपर्यंतच्या वाटेची आहे. पहिली एट हंड्रेड १४ डिसेंबर १९८३ला रस्त्यावर आली, म्हणजे ती २०३३च्या डिसेंबरात पन्नाशीला पोहोचेल. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हिशेब मांडा: १९९८, २००३, २००८, २०१३, २०१८, २०२३, २०२८. सात वेळा आरटीओच्या दारात जाऊन ‘ही अजून धावते’ असं सिद्ध करायचं. त्यात २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये आणि दुचाकीला २,०००. साध्या गाडीचा मालक चौथ्या-पाचव्या फेरीला कंटाळतो आणि भंगारवाल्याला फोन करतो. रोल्सवाला कंटाळत नाही, कारण त्याच्या बाबतीत १०,००० रुपये म्हणजे एका हेडलाइटच्या कडीचे पैसेही नव्हेत. साध्या गाड्या नाहीशा होतात त्या टाकाऊ असतात म्हणून नव्हे. त्यांचा बाजारभाव कागदपत्रांच्या खर्चापेक्षा खाली जातो तेव्हा त्या जातात. मुंबईत हजारोंनी असलेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला अधिकृतपणे संपली. जे पावलोपावली दिसतं ते जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

‘पण या गाड्या जपण्यात कसब काय? पार्ट कुठेही मिळतात.’ हा दुसरा आक्षेप, आणि तो घेणाऱ्याने गोव्यातला एकही पावसाळा पत्र्याच्या नजरेने पाहिलेला नाही, हे उघड आहे. प्लग, क्लच प्लेट, गॅस्केट मिळतं, कबूल. पण १९८६च्या आधीच्या एसएस ८० मॉडेलची पुढची जाळी मागून बघा. ती त्या तीनच वर्षांपुरती होती. आणि जुन्या, स्वतंत्र चासीच्या गाडीचा पत्रा कुजला तरी खाली लोखंडी सांगाडा उभा असतो. एट हंड्रेडला वेगळी चासी नाही. पत्रा हाच सांगाडा, आणि तो एक मिलिमीटरहूनही पातळ. दारांखालची पेटी (गॅरेजमध्ये तिला ‘रनिंग बोर्ड’ म्हणतात) कुजली की गाडीचा कणाच गेला.

कुजण्याच्या जागा ठरलेल्या. बॅटरीखालचा तवा, कारण ॲसिडचे थेंब. डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा, कारण मागच्या काचेचं रबर कडक होऊन पाणी झिरपतं. दारांचा तळ, कारण पाणी निघून जायची बारीक भोकं तांबड्या मातीने बुजतात. वायपरखालच्या जाळीत आंब्याचा मोहोर आणि पानं कुजतात, तिथलं पाणी मग ड्रायव्हरशेजारच्या पायाखाली येतं आणि मालक वर्षभर टपाला दोष देत राहतो. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची वरची बैठक मात्र बॉनेट उघडून दोन्ही बाजूंनी नीट बघावी. तिथे पत्रा फुगलेला, पापुद्रे सुटलेले दिसले तर गाडी चालवूच नये. खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बरचा दांडा वर फुटून येऊ शकतो. वर छान रंग आणि आत हे, अशा गाड्या विकायला पुष्कळ असतात. पेचकसाच्या मागच्या मुठीने ठोकत जावं. चांगला पत्रा टणटण बोलतो, पुट्टी भरलेला ढब्ब.

दुरुस्तीतली नेहमीची चूक म्हणजे गंजावर ठिगळ आणि ठिगळावर डांबरी कोटिंग. आतला ओलावा कोंडला जातो आणि दोन पावसांत ठिगळासकट जागा सुटते. गंजाच्या पुढे निदान इंचभर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो, म्हणून मिग (तार वितळवणारं विजेचं) वेल्डिंग, तेही सलग नाही: इथे एक टाका, वीतभर पलीकडे दुसरा, मग उलट टोकाला तिसरा, मध्ये गार होऊ द्यायचं. रनिंग बोर्ड कापताना दारं काढून ठेवायचा मोह होतो, तो टाळावा. गाडी जॅकवर लोंबकळत असेल तर पेटी कापल्याबरोबर मधोमध किंचित बसते, तशीच वेल्डिंग झाली की दार पुन्हा कधी नीट लागत नाही. म्हणून चारही ठिकाणी पक्का आधार, दारं जागेवर, फटी सारख्या आहेत याची खात्री आणि मगच शेवटचे टाके. नंतर जस्ताचं प्रायमर, आणि पेटीच्या आत भोकातून मेणाळ गंजरोधक तेल. हे सगळं करून गाडीच्या बाजारभावापेक्षा बिल मोठं होतं. रोल्सचं बिल निदान किमतीत परत येतं. इथे तीही आशा नाही. कसब नाही म्हणणाऱ्यांनी निदान वेडेपणा तरी मान्य करावा.

पेट्रोलचं वेगळं दुखणं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. जुन्या गाडीतली रबरी नळी, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं या मिश्रणासाठी केलेली नव्हेत; ती फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गोव्याच्या जुलैत हवेत पाण्याखेरीज दुसरं असतं काय? पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. चवथीला गाडी काढायला जावं तर पहिला घोट त्याचाच. उपाय फार नाहीत: नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरो-रबराच्या घालाव्यात, पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही, आणि कार्बोरेटर मात्र रिकामा करावा. टू-स्ट्रोक स्कूटर असेल तर पेट्रोलमध्ये कंपनीने सांगितलंय तेवढंच तेल; ‘थोडं जास्तच बरं’ म्हणून वाढवलं की सायलेन्सर काजळीने चोंदतो आणि गाडी चढावर मान टाकते.

उभ्या गाडीला हँडब्रेक लावून ठेवू नये. दमटपणात ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर आणि चाकांना लाकडी ओंडके पुरे. प्लॅस्टिकचं आवरण तर मुळीच नको, आत घाम सुटतो. जुनी सुती चादर चालते. आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन ‘जागं’ करायची जी पद्धत आहे, ती प्रेमळ असली तरी घातक. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, जळण्यातून तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी होऊन राहते. सुरू केलीत तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर झोपू द्या.

हे झालं कार्बोरेटरवाल्यांचं. खरी पंचाईत त्यांच्या धाकट्या भावंडांची आहे. तीस वर्षांच्या मापाने १९९३ची झेनही आत आली, १९९१ची टाटा सिएरा तर कधीच. पुढे २०००च्या आसपास फ्युएल इंजेक्शन आणि त्यासोबत संगणकाची पेटी आली. १९३०च्या मोटारीचा बुश फोंड्याचा किंवा मडगावचा लेथवाला कातून देतो. देवू मॅटिझची ती पेटी गेली तर लेथवाला काय करणार? डॅशबोर्डचं प्लॅस्टिक उन्हाने तडकलं तर ते ठोकून सरळ होत नाही. त्यामुळे ‘नवी’ गाडी जपणं सोपं हा समज उलटाच आहे. शंभर वर्षांची फोर्ड अजून शंभर वर्षं चालेल, मॅटिझचं सांगवत नाही. ज्यांना ती आवडते त्यांनी आत्ताच एक भंगारातली दुसरी मॅटिझ घेऊन झाकून ठेवावी. घरचे काय म्हणतील ते त्यांनी पाहावं.

मग सगळ्यांनाच आत घ्यायचं? नाही. रुंद अलॉय, काळ्या काचा, डिकीभर स्पीकर लावलेली एट हंड्रेड म्हणजे नुसती जुनी गाडी. तीच गोष्ट सायलेन्सर कापलेल्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलची, मग ती कितीही लाखांना जावो. उलट मूळ रेक्झिनची सीट, कंपनीच्या रंगाची बारा इंची चाकं, जीडीने सुरू होणारा गोव्याचा जुना नंबर, विक्रेत्याचा काचेवरचा पिवळा पडलेला स्टिकर, हे असलेली गाडी पुढच्या रांगेत हवी. सीट फाटली असली तरी. नव्याने चढवलेलं चामडं मिनिटात जुळतं, तो स्टिकर पुन्हा छापता येत नाही.

गोव्याच्या खास वाहनाला मात्र या नियमात जागाच नाही. पिवळ्या मडगार्डची काळी पायलट मोटारसायकल मागे प्रवासी बसवून भाड्याने धावते, आणि व्हिंटेज नोंदणी धंद्याच्या गाडीला मिळत नाही. खासगी करून घ्यायची तर पिवळा रंग पुसावा लागणार, म्हणजे ज्यासाठी जपायची तेच जाणार.

एट हंड्रेडपुढेही २०३३मध्ये असाच पेच आहे. ‘व्हीए’ नंबर मिळाला की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजच्या कामाला नाही. म्हणजे पन्नास वर्षं म्हापशाच्या बाजारातून जिने पिशव्या वाहिल्या, जिच्या डिकीच्या चटईत बांगडा-मासळीचा वास कायमचा मुरला, तिला बाजाराची वाट बंद. मूळपणाचे गुण देणाऱ्या परीक्षकाने बॉनेटच्या आधी डिकी उघडावी. वास आला नाही, तर चटई बदललेली आहे.